शाळेसाठी राबणाऱ्या माणसांचे आभार कसे मानायचे : मराठवाड्यातल्या मुख्याध्यापकांसाठी

नोव्हेंबर आला की अमेरिकेतले मुख्याध्यापक पालकांना, शिक्षकांना, शाळेच्या बस ड्रायव्हरला आभाराची पत्रं लिहितात. तिकडं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, 1863 ला लिंकननी ते देशभर पाळायचं जाहीर केलं आणि 1941 ला कायद्यानं चौथा गुरुवार पक्का झाला, मुळात सण सुगीचा, पीक घरात आलं की ज्यांच्यामुळं आलं त्यांची आठवण काढायची. शाळेच्या प्रमुखानं वर्षातून एकदा बसून माणसं आठवायची आणि त्यांना तसं सांगायचं, ही पद्धत मला मनापासून आवडते, आणि आपल्याकडं जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत तर ती जास्तच गरजेची आहे कारण आपली शाळा पगारी माणसांवर कमी आणि गावावर जास्त चालते.

पण तिकडची तारीख उचलून चालायचं नाही. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या वाड्या-तांड्यांवर नोव्हेंबरच्या शेवटी जाऊन बघा, निम्म्या घरांना कुलूप असतं. कोयता घेऊन माणसं ऊस तोडायला साखर कारखान्याच्या फडात गेलेली असतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि ती परत येणार मार्च-एप्रिलला, पाडव्याच्या आगंमागं. म्हणजे आपण मांडव घालून पालकांचे आभार मानणार आणि समोर पालकच नाहीत. म्हणून पहिलं काम तारीख.

आधी तारीख

ऊसतोडीचं गाव असेल तर दसरा ते दिवाळीची सुट्टी यातला आठवडा धरा. तेव्हा माणूस गावात असतो, मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे मिळालेले असतात, गाड्या कधी भरायच्या ते ठरायलेलं असतं. दिवस ठरवायच्या आधी दोन-तीन पालकांना फोन करून विचारा, "तुमची टोळी कधी निघायली?" कारण सगळ्या टोळ्या एका दिवशी निघत नाहीत. आणि वेळ संध्याकाळची ठेवा, सातनंतर. सकाळी अकराला कार्यक्रम ठेवला की सोयाबीन काढायला गेलेल्या बाईला रोज बुडवून यावं लागतं, आणि ज्याचे आभार मानायचे त्याचाच रोज बुडवला तर त्या आभाराला काही अर्थ उरत नाही.

ऊसतोड नसलेल्या गावात माझी पसंती येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या, आसपासच्या दिवसांना आहे. लातूर, धाराशिव, नांदेड, बीडकडं मार्गशीर्ष अमावस्येला सगळं गाव शेतात असतं, कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, पांडव पुजायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना हाताला धरून जेवायला बसवायचं. काळ्या आईचे उपकार मानायचा हा आपला स्वतःचा दिवस आहे. त्या दिवशी शाळेचा कार्यक्रम ठेवू नका, लोकांना शेतात जायचं असतं आणि तुम्हालाही आमंत्रणं असतात. पण आदल्या नाहीतर दुसऱ्या दिवशी ठेवला तर माणसांच्या मनात तो भाव आधीच असतो, वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी तारीख 17 सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन शाळेत होतंच, गावही येतं. आणि त्या दिवसाचा शाळेशी नातं सांगणारा धागा आहे. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिसंग्रामाचे नेते व्हायच्या आधी शिक्षक होते, हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत. निजामाच्या राज्यात मराठीतून शिकवणाऱ्या तसल्या शाळा उभ्या राहिल्या त्या लोकांच्या वर्गणीवर आणि अर्धपोटी राबणाऱ्या मास्तरांवर. पोरांना ही गोष्ट सांगून त्याच दमात "आणि आपली शाळा कुणाच्या जिवावर चालते बरं?" असं विचारलं की आभाराचा विषय आपोआप निघतो. फक्त त्या दिवशी वेळ कमी असतो, त्यामुळं तीन-चार माणसंच घ्या.

26 जानेवारी आणि 15 ऑगस्ट टाळा. त्या दिवशी भाषणं आधीच जास्त असतात, कवायत, बक्षिसं, देणगीदार, आणि आभार शेवटी "आभारप्रदर्शन" नावाच्या दोन मिनिटांत कोंबले जातात, तोवर पोरं खाऊकडं बघायलेली असतात.

यादी करायला पंधरा दिवस घ्या

यादी आठवणीवर करू नका. आठवणीत तीच माणसं येतात जी ऑफिसात येऊन खुर्चीवर बसतात, म्हणजे सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख. बाकीच्यांसाठी शाळेतली कागदं उघडा : भेट रजिस्टर, वर्गणीची वही, पोषण आहाराची नोंद, हजेरी, शाळेच्या ग्रुपवरचे जुने फोटो. फोटो फार कामाचे असतात, सहलीच्या फोटोत मागं पाण्याचा जार उचलून उभा असलेला माणूस कोण ते बघा.

मग शाळेच्या एका दिवसाच्या क्रमानं जा. गेट कोण उघडतं, पटांगण कोण झाडतं, पाणी कुठून येतं. आपल्याकडं पाण्याचा प्रश्न मोठा, कितीतरी शाळांना शेजारचा शेतकरी आपल्या बोअरचा पाइप टाकून देतो, लाइट आली की मोटार लावतो, उन्हाळ्यात बोअर आटायला आलं तरी शाळेची टाकी आधी भरतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या साली ज्यांनी शाळेला पाणी दिलं ती माणसं आजही गावात आहेत, त्यांचं नाव कुणी घेतलं का ते विचारा. पुढं खिचडी कोण शिजवतं. वरच्या वर्गाच्या पोरी ज्या मानव विकास योजनेच्या बसनं तालुक्याला जातात त्या बसचे चालक-कंडक्टर फाट्यावर थांबतात की नाही. अंगणवाडीच्या ताई आणि मदतनीस, ज्यांच्या हातून पोर आपल्या पहिलीत येतं. आशाताई, ज्या लोहाच्या गोळीच्या दिवशी उन्हात येतात. फळ्याला काळा रंग फुकट मारून देणारा पेंटर, गळकं पत्र्याचं छत बांधून देणारा मिस्त्री.

आणि आजी. हे मी जोर देऊन सांगतो कारण ही माणसं कुठल्याच यादीत नसतात. आई-बाप फडात गेले की सहा महिने नातवंडं सांभाळणारी आजी, जी गुडघे दुखत असताना सकाळी उठून दोन भाकरी थापते आणि पोराला शाळेत पाठवते, तिच्यामुळं आपला पट टिकतो. हंगामी वसतिगृह असलं तरी रात्री पोर झोपतं आजीपाशीच. आपण हजेरीचे आकडे वर पाठवतो तेव्हा त्या प्रत्येक आकड्याच्या मागं अशी एक म्हातारी असते. आजोबाही असतात, पण बहुतेक ठिकाणी आजीच.

यादीत नावाच्या पुढं एक रकाना ठेवा, "काय केलं". तो रकाना एका ओळीत भरता आला नाही तर अजून चौकशी करा, शिक्षकांना विचारा, पोरांना विचारा, पोरांना सगळं माहीत असतं. नुसतं "सहकार्य केलं" असं लिहून तो रकाना भरू नका.

बोलायचं काय

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे : आभार मानताना काम सांगा, त्या माणसाचं, त्या दिवसाचं. "आपले मोलाचे सहकार्य लाभले, आम्ही आपले ऋणी आहोत" हे वाक्य सरपंचालाही चालतं, पेंटरलाही चालतं, पुढच्या गावच्या सरपंचालाही चालतं, म्हणजे ते कुणाचंच नाही. तुमचं वाक्य दुसऱ्या कुणाला लागू पडत असेल तर खोडा आणि परत लिहा.

पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला असं म्हणा : "आप्पा, मे महिन्यात तुमच्या मोसंबीला पाणी पुरत नव्हतं, तरी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तुम्ही आमची टाकी भरून दिली. पहिल्या दिवशी पोरं आली तेव्हा नळाला पाणी होतं." बास. यात कुठंही मोठा शब्द नाही, पण आप्पाला कळतं की सरांनी मोसंबीकडंही बघितलं होतं आणि टाकीकडंही.

खिचडी करणाऱ्या मावशींना : "मावशी, जुलैत सरपण ओलं होतं, डोळ्यातून पाणी यायचं तुमच्या, तरी पोरांचं ताट एक दिवस उशिरा लागलं नाही. दुसरीतल्या पोराला तिखट सोसत नाही म्हणून तुम्ही त्याचं आधी वेगळं काढून ठेवता, हे त्याच्या आईला पण मी सांगितलंय." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. चांगलं काम आपण बघितलं एवढंच नाही, ते योग्य माणसाच्या कानावर घातलं, हे ऐकल्यावर माणसाचा चेहरा बदलतो.

भाषा आपली बोलायची ठेवा. माइक हातात आला की आपण लगेच "याप्रसंगी", "उपस्थित", "अनमोल" यावर जातो, मास्तरकीची सवय आहे ती. घरात बोलतो तसं बोला. तांड्यावरची शाळा असेल तर एक-दोन वाक्यं गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोला, येत नसेल तर चौथीतल्या पोरीकडून शिकून घ्या, पोरगी आनंदानं शिकवते आणि तिच्या आईच्या तोंडावर जे हसू येतं ते बघण्यासारखं असतं.

आणि आभारासोबत मागणी जोडू नका. "तुम्ही गेटला पैसे दिले, आता कंपाउंडचंही बघा" हे त्याच दिवशी बोललात की आधीचं सगळं पुसलं जातं, माणसाला वाटतं सरांनी यासाठीच बोलावलं होतं. कंपाउंडची बैठक महिन्यानं घ्या.

फडात निघालेल्या पालकांसाठी

यांच्यासाठी कार्यक्रमापेक्षा घरी जाणं चांगलं, निदान वस्तीवर. निघायच्या आधीचे दोन-तीन दिवस घरात बोचकी बांधणं चालू असतं, कोयत्याला धार लावणं, ज्वारी-बाजरीचं पीठ दळून आणणं, त्यात शाळेत या म्हणणं बरं वाटत नाही. तुम्हीच जा, दहा मिनिटं बसा. बोलायचं थोडंच असतं : पोरानं या सत्रात काय शिकलं ते दाखवा, त्याची वही सोबत न्या, आणि म्हणा की "तुम्ही त्याला इथं ठेवून निघालात, तुमच्या जिवाला किती लागतं ते मला माहीत आहे. तुम्ही आमच्यावर भरवसा ठेवला त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे. दर रविवारी मी फोन लावून देईन."

आणि मग तो फोन खरंच लावा. इथं एक शब्द दिला आणि पाळला नाही तर पुढच्या साली ते पोर फडात जाईल.

जे पालक पोराला सोबत नेतात त्यांना कमी लेखू नका. घरी म्हातारं माणूस नसतं, वयात आलेली पोरगी एकटी ठेवायची भीती असते, कारणं खरी असतात. त्यांचेही आभार माना की जून ते ऑक्टोबर त्यांनी पोर रोज पाठवलं, शिक्षण हमी कार्ड त्यांच्या हातात द्या, जिथं उतराल तिथल्या शाळेत हे दाखवा एवढं समजावून सांगा, आणि वही-पेन्सिल बरोबर द्या. पाडव्याला परत येताना ते पालक आधी शाळेत येऊन तुम्हाला भेटतील.

लिहिलेलं पत्र पुष्कळांना वाचता येत नाही, म्हणून हंगामात आवाजाचा मेसेज पाठवा. व्हॉट्सॲपवर रेकॉर्डिंगचं बटण दाबून एक मिनिट बोलायचं, पहिले चाळीस सेकंद पोराला बोलू द्यायचं, शेवटी तुम्ही. "राम राम, शाळेतून सर बोलतोय. आज तुमच्या पोरीनं पाढे न अडखळता म्हणले. आजीची तब्येत बरी आहे. तुम्ही तिकडं जपून राहा." फडात रेंज नसते, रात्री कोपीवर आल्यावर कुणाच्यातरी मोबाइलवर ते ऐकलं जातं आणि आजूबाजूच्या चार कोप्याही ऐकतात.

आपले शिक्षक

शिक्षकांचे आभार स्टेजवरून मानण्यात काही वाईट नाही पण तेवढ्यावर थांबू नका. स्टेजवर सगळ्यांची नावं एका दमात घेतली जातात आणि वर्षभर राबलेला माणूस आणि बाकीचे एका रांगेत बसतात. बरं, एकालाच उचलून धरलं तर बाकीचे नाराज, तेही खरं. त्यावर माझा उपाय असा की स्टेजवर सगळ्यांचे सारखे आणि थोडक्यात, आणि प्रत्येकाला हातानं लिहिलेली चिठ्ठी वेगळी. अर्धं पानच असावी. टाइप केलेली नको, फॉरवर्ड केलेलं फुलांचं चित्र तर नकोच नको. आपल्या हातानं लिहिलेली चिठ्ठी लोक कपाटात जपून ठेवतात, मी माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांची ठेवलीय.

चिठ्ठीत त्यांच्या शिकवण्यातलं काहीतरी असू द्या. "तिसरीतली जी पोरं जूनमध्ये अक्षर ओळखत नव्हती ती दिवाळीला गोष्ट वाचायलीत, मी खिडकीतून ऐकलं." रोज तालुक्याहून तीस-चाळीस किलोमीटर गाडीवर येणाऱ्या मॅडमना लिहा की पावसाळ्यात पुलावरून पाणी जायचं तेव्हाही तुम्ही दुसऱ्या रस्त्यानं आलात. बदली होऊन गेलेल्या शिक्षकालाही एक चिठ्ठी पाठवा. त्यांनी पहिलीत घडवलेलं पोर आता चौथीत आहे, ते कसं वाचतंय हे त्यांना कळायला हवं, त्यांना दुसरं कोण सांगणार.

आणि नुसत्या शब्दांनी शिक्षकाचं मन भरत नाही, भरूही नये. एखादं ओझं उतरवा. ऑनलाइन माहिती भरायची असते, दर आठवड्याला नवी लिंक, ती त्या महिन्यात तुम्ही स्वतः भरा. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांना एक शनिवार परिपाठाची जबाबदारी नको. कामसू माणसाचे आभार मानून त्यालाच अजून एक रजिस्टर सोपवायचं, हे आपल्या खात्यात सर्रास चालतं, ते बंद व्हायला पाहिजे.

मावशी आणि मामा

कार्यक्रमाच्या दिवशी जेवण ठेवणार असाल तर खिचडीवाल्या मावशींना त्या दिवशी चुलीपाशी बसवू नका. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. त्यांना इस्त्रीची साडी नेसून मुलांबरोबर पहिल्या पंगतीला बसू द्या आणि वाढायला मुख्याध्यापक, शिक्षक आणि समितीचे सदस्य उभे राहा. स्वयंपाक कुणी करायचा? पालकांतल्या चार बाप्यांना सांगा, गावजेवणात मोठ्या कढईतली भाजी करणारे हात प्रत्येक गावात असतात.

शिपाई मामा असतील तर (आता कितीतरी शाळांत ते पदच नाही, घंटाही मास्तरच देतो) त्यांना स्टेजवर खुर्ची द्या. सतरंज्या उचलायला त्या दिवशी सातवीची पोरं आणि आपण.

मावशींचं मानधन थकलेलं असेल तर आभाराच्या आधी त्याचा पाठपुरावा करा, पंचायत समितीत जाऊन बिल कुठं अडकलंय ते विचारा, आणि काय कळलं ते मावशींना सांगा. पैसे तुमच्या हातात नसतात हे त्यांनाही कळतं, पण आपल्यासाठी सर जाऊन आले ही गोष्ट त्या लक्षात ठेवतात.

द्यायचं काय, आणि काय नाही

शाल-श्रीफळाचा खर्च कशाला, घरोघरी शालींच्या घड्या पडून आहेत. टोपी-टॉवेल आणि नारळ हा आपल्याकडचा मान आहे, वयस्कर माणसाला तो आवडतो, त्याला माझी ना नाही. पण सगळ्यांना सारखं द्या. सरपंचाला फेटा आणि बोअरवाल्या आप्पाला गुलाबाचं फूल असं झालं की गाव ते सहा महिने बोलतं.

सगळ्यात चांगली भेट पोरांकडून. प्रत्येक पोरानं एका माणसासाठी एक चित्र काढायचं आणि खाली दोन ओळी. मावशींच्या चुलीचं चित्र, बसचं चित्र, आजीचं चित्र. मोठ्या वर्गाला हे मराठीच्या तासात पत्रलेखन म्हणून द्या, अभ्यासही होतो. मात्र फळ्यावर नमुना लिहून सगळ्यांना तोच उतरवायला लावू नका. चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट जाऊ द्या, "मावशी तूमी खिचडीत शेंगदाणे जास्त टाकता मणून मला आवडता" असं पत्र दुरुस्त करून काय मिळवायचंय?

महिलांच्या सत्काराला हळदीकुंकू किंवा ओटी जोडायची पद्धत आहे, ती शाळेत नको. आपल्या भागात नवरा गेलेल्या बाया पुष्कळ आहेत, कितीतरी घरांत शेतकरी आत्महत्येनं, आणि त्या बायाच एकट्यानं पोरं शिकवायल्यात, समितीच्या बैठकीला रोज बुडवून येणाऱ्यांतही त्या असतात. कुंकवाचं ताट फिरलं की त्या मागं सरकतात. शाळेत ज्यांचा मान पहिला व्हायला पाहिजे त्यांनाच मागं सरकावं लागलं तर काय उपयोग. फूल द्या, पोरांचं चित्र द्या, सगळ्यांना देता येतं असं काहीही द्या.

शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना, त्यातही बायांना, नुसतं "सदस्य" म्हणून उरकू नका. कायद्यानं समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात, पण अंगठा-सही करून घेऊन सोडून द्यायची सवय खूप ठिकाणी आहे. जिनं बैठकीत तोंड उघडून "पोरींच्या संडासाला कडी नाही" असं सांगितलं तिचे आभार सगळ्यांसमोर माना, तिच्या शब्दासकट, आणि कडी लावलेली आहे हे दाखवून माना.

पैशाचं

ज्यांनी पैसे दिले त्यांचे आभार हिशोब सांगून मानायचे. किती जमले, कशाला गेले, किती उरले, पावत्या कुठं बघायला मिळतील, हे फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहा आणि कार्यक्रमभर तसंच राहू द्या. नावांचा क्रम रकमेवर लावू नका, अकारविल्हे लावा. शंभर रुपये देणाऱ्या मजुराचे शंभर त्याच्या दिवसाच्या कमाईतून आलेले असतात. ज्यांनी पैसे न देता श्रमदान केलं, मुरूम टाकला, झाडाला पाणी घातलं, त्यांची नावं त्याच यादीत त्याच आकाराच्या अक्षरात.

पुढारी मंडळी येतीलच, त्यांना मानानं बसवा, पण भाषणाला पाच मिनिटं हे आधीच फोनवर सांगा. ज्यांचे आभार मानायचेत त्यांचा सत्कार आधी, पाहुण्यांचं भाषण नंतर. उलटं केलं तर आजी दमून घरी जाते.

पूर्ण कार्यक्रम तासाभरात संपवा. पंधरा माणसं, एकेकाला दोन मिनिटं, वर पोरांचं एखादं गाणं आणि फराळ, एवढंच. यादी मोठी असेल तर पन्नास जणांना एका दिवशी उभं करू नका, उरलेल्यांची घरं वाटून घ्या. किंवा वर्षभर दर शनिवारी परिपाठात एकाचं नाव घ्या, पोरांपैकी कुणीतरी त्यांचं काम सांगेल, आणि त्या माणसाला शक्य असेल तर बोलवा. दहा मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

वर्ष वाईट गेलं असेल तर

सप्टेंबर 2025 ला अतिवृष्टी झाली तेव्हा धाराशिव, बीड, लातूरकडं कितीतरी शेतांतली मातीसुद्धा वाहून गेली, सोयाबीन गेलं, जनावरं गेली. अशा साली मांडव नको, माइक नको, फोटो तर मुळीच नको. पण आभार रद्द करायचे नाहीत, उलट त्या साली जास्त लागतात. घर पाण्यात असताना ज्यानं शाळेची कुलपं उघडून लोकांना वर्गात झोपायला जागा करून दिली, ज्या शिक्षकांनी भिजलेली पुस्तकं उन्हात वाळत घातली, त्यांच्याकडं जाऊन बसा. कमी बोला. पोराचं दप्तर वाहून गेलं असेल तर दप्तर घेऊन जा, आणि आभाराचं बोलणं दप्तर दिल्यावर.

1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्या भागातल्या शाळा पत्र्याच्या शेडमध्ये परत भरल्या त्या शिक्षकांच्या आणि गावाच्या जिद्दीवर. त्या वेळचे शिक्षक आता रिटायर होऊन गावात असतात. तुमच्या शाळेला असा इतिहास असेल तर त्यांनाही यादीत घ्या, दरवर्षी एकाला.

शेवटी, कागद

कार्यक्रम झाला की यादी फेकू नका. एका जाड वहीत चिकटवा, साल घाला, नाव, काम, आणि कुणाचं राहून गेलं तेही लिहा म्हणजे पुढच्या वर्षी तिथून सुरुवात होईल. मोबाइल नंबर लिहायचे असतील तर ते त्या माणसाला विचारून. आपली बदली आज ना उद्या होणारच आहे, चार्ज देताना आपण दाखल-खारीज रजिस्टर, किर्द, साठा रजिस्टर, चाव्या असं सगळं सही करून देतो, त्या सोबत ही वही पण द्या, आणि नवीन मुख्याध्यापकांना गाडीवर मागं बसवून त्यातल्या पहिल्या पाच-सहा घरी एक चक्कर मारून या, बोअरवाल्या आप्पांकडं आधी, कारण टाकी उद्या सकाळी पण भरायची असते.